बहुराष्ट्रीय कंपन्या, पर्यावरण आणि वाळूजचा व्हेंडर

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या, मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: जगाचं पर्यावरण टिकवण्यात मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचा खरंच काही वाटा आहे का, की झाडं लावतानाचे फोटो आणि गुळगुळीत कागदावरचे अहवाल एवढंच? आणि अशा कंपनीच्या सस्टेनेबिलिटी विभागात नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी का?

वाटा आहे, आणि बिघडवण्यात जेवढा तेवढाच सावरण्यातही असू शकतो. पण तो बहुतेक लोक चुकीच्या खोलीत शोधतात. कंपनी पर्यावरणाचं काय करणार हे तिचं खरेदी खातं ठरवतं. सस्टेनेबिलिटी विभाग ते लिहून काढतो. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचं सांडपाणी आणि पाण्याचा ताळेबंद यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि माझं मत दिवसेंदिवस याच बाजूला घट्ट होत गेलं आहे. ते का, हे जरा विस्ताराने सांगतो.

आधी एक आकडा, कारण तो तुमच्या वर्गात कुणीतरी नक्की फेकला असेल. २०१७ साली आलेल्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालात म्हटलं होतं की १९८८पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्के वायूंचा माग अवघ्या १०० उत्पादकांपर्यंत लागतो. आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ सहसा चुकीचा लावला जातो. त्या शंभरांत एक्सॉन आणि शेल आहेत, तशा कोल इंडिया, सौदी आरामको, गॅझप्रॉम या सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. शिवाय त्यात कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातला धूर थोडा, आणि तिने विकलेलं तेल-कोळसा जाळून तुमच्या-माझ्या गाड्यांतून, वीजकेंद्रांतून निघालेला धूर फार मोठा. म्हणजे दोष झटकता येत नाही, पण तो एकट्या ‘परदेशी कंपनी’च्या माथी मारून मोकळंही होता येत नाही.

कंपन्या आपल्या उत्सर्जनाचा हिशोब तीन कप्प्यांत मांडतात: स्कोप १, २ आणि ३. पहिल्यात कारखान्याच्या आवारात जाळलेलं इंधन: बॉयलर, भट्टी, जनरेटर. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, त्यामुळे हा हिशोब सोपा असतो. तिसऱ्यात बाकीचं सगळं: विकत घेतलेलं स्टील, रबर, रंग, मालाची ने-आण, आणि विकलेली वस्तू वापरताना होणारं उत्सर्जन. वाहन कंपनीचा बहुतांश बोजा या तिसऱ्या कप्प्यात असतो. छतावर सोलर बसवून, सोलापूर-धाराशिवकडच्या पवनचक्क्यांची वीज घेऊन दुसरा कप्पा हलका करता येतो, आणि ते काम बऱ्याच कंपन्यांनी मनापासून केलंही आहे. तिसरा कप्पा मात्र कंपनीच्या गेटबाहेर, तिच्या व्हेंडरच्या, म्हणजे तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराच्या, शेडमध्ये भरलेला असतो.

त्या शेडमध्ये काय चालतं ते बघा. प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवण्याचं, दुकान घ्या. लोखंडी पार्ट जिगला, म्हणजे अडकवायच्या चौकटीला, लटकवून रसायनाच्या टाकीत बुडवतात, वर काढतात आणि पाण्याने धुतात. पार्टला चिकटून जे द्रावण बाहेर येतं त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. समजा, एक लिटर ड्रॅग-आउट हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर त्यासाठी सुमारे हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या एकापुढे एक ठेवल्या आणि पाणी पार्टच्या उलट दिशेने फिरवलं, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडून तिथून पहिलीत आणलं, तर बत्तीसेक लिटर पुरतं. तीन टाक्या केल्या तर दहा. ही साधी बेरीज-वजाबाकी आहे, यात जपानी गुपित काही नाही. जिग वर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद टाकीवरच निथळू दिली तर ड्रॅग-आउटच कमी होतं. ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा, भार घटतो, क्रोमियमचा गाळ घटतो, रसायनाचे पैसे वाचतात.

मग सगळेच हे का करत नाहीत? दोन जादा टाक्यांना जागा लागते, आणि शेड भाड्याची असते. निथळायला दिलेले सेकंद शिफ्टच्या आकड्यातून कापले जातात. आणि मुख्य म्हणजे, ज्या कंपनीकडून ‘तुमचं प्रतिनग पाणी कळवा, कार्बन कळवा, आचारसंहितेवर सही करा’ अशी भली मोठी एक्सेल शीट येते, तिच्याच खरेदी खात्याकडून दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला कॉस्ट डाऊनचं पत्र येतं: भाव दोन-तीन टक्क्यांनी कमी करा. पैसे नव्वद दिवसांनी. ऑर्डर पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नाही. अशा ऑर्डरवर बँक कर्ज देत नाही आणि शहाणा माणूस टाक्या बांधत नाही. तो शीट भरतो. शीट भरून देणारे सल्लागार आता वाळूजमध्ये भरपूर झाले आहेत.

याच्या उलटही पाहिलं आहे, आणि तेही सांगायलाच हवं. एका युरोपीय गिऱ्हाईक कंपनीने आपल्या व्हेंडरला तीन वर्षांची ऑर्डर लेखी दिली, भाव कच्च्या मालाच्या निर्देशांकाला बांधला, आणि आपला प्रोसेस इंजिनिअर काही दिवस शेडमध्ये बसवला. त्या व्हेंडरने टाक्या बांधल्या, धुण्याचं पाणी किती खराब झालं ते दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर लावला, आणि पाण्याचा टँकर मागवणं जवळजवळ बंद झालं. ना मोठा समारंभ, ना फोटो. मोठी कंपनी पर्यावरणासाठी काय करू शकते असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. कुठलंही सरकार एवढ्या लहान शेडपर्यंत एवढ्या बारकाईने पोचू शकत नाही. कंपनी पोचते, कारण तिचा माणूस दर आठवड्याला माल तपासायला तिथे येतच असतो.

कंपनीला हे सुचतं कशाने? अनुभव असा की नुसत्या सदिच्छेने क्वचितच. जर्मनीचा पुरवठासाखळी कायदा २०२३पासून लागू झाला, तशा इथल्या व्हेंडरना येणाऱ्या प्रश्नावल्या बदलल्या. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराचा, सीबॅमचा, अहवाल देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. लोक समजतात हा कर फक्त मोठ्या पोलाद कंपन्यांचा प्रश्न आहे. पण त्याच्या यादीत नट, बोल्ट, स्क्रूसुद्धा आहेत. म्हणजे निर्यात करणारा फास्टनरवाला थेट त्यात येतो, आणि स्वतःचा मोजलेला आकडा नसेल तर त्याच्या मालाला ठोकळ आकडा लागतो, जो सहसा महागात पडतो. वायररॉड, म्हणजे बोल्टचा कच्चा माल, कुठल्या भट्टीतून आला, हे आजवर कुणी विचारत नव्हतं. आता विचारावं लागतं. आपल्याकडेही शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्याने वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. कायदा आला, गिऱ्हाइकाने विचारलं आणि खिशाला चाट बसली, ही तिन्ही कारणं एकत्र आली की काम हलतं. त्यातलं एकच असेल तर फाईल हलते, पाईप हलत नाही.

पाण्याबाबत तर आपण हे डोळ्यांनी बघितलं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि दारू कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांनाही कपात लागली. पैठणचं जायकवाडी धरण मृतसाठ्यावर होतं, आणि संभाजीनगर शहर, औद्योगिक वसाहती, गावं सगळी त्याच्याच जलाशयाकडे, नाथसागराकडे, बघत होती. पाणी वाचवण्याचे जे प्रस्ताव वर्षानुवर्षं ‘परतावा बसत नाही’ म्हणून परत येत, ते त्या उन्हाळ्यानंतर मंजूर व्हायला लागले. परतावा आधीही बसत नव्हता असं नाही. एमआयडीसीचं पाणी स्वस्त, म्हणून कागदावर तो दिसत नव्हता. पाणीच नसेल तर दिवसाचं उत्पादन किती बुडतं, हा रकाना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा भरला गेला.

त्यानंतर आली ‘वॉटर पॉझिटिव्ह’ची लाट: आम्ही जेवढं पाणी वापरतो त्याहून जास्त जमिनीला परत देतो. हा दावा कसा तयार होतो ते समजून घ्या, कारण नोकरी घेतलीत तर पहिल्याच वर्षी हे काम तुमच्या टेबलावर येईल. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळं घ्या. काठांना एकास एक उतार धरला तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. अशी ५० तळी सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, खोदली, आणि पावसाळ्यात ती दोनदा भरतात असं गृहीत धरलं, की वर्षाला साधारण २२ कोटी लिटर ‘परत दिलं’. रोज सहा लाख लिटर पाणी घेणाऱ्या कारखान्याचा वर्षाचा वापर जवळपास एवढाच होतो. झाली कंपनी पाण्यात सकारात्मक.

आता त्या तळ्याच्या काठावर उभं राहून बघा. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर जमिनीत एक थेंबही मुरत नाही. आणि अस्तर घातलेली कितीतरी तळी पावसाने भरतच नाहीत, ती बोअरच्या पाण्याने भरली जातात, कारण मोसंबीला किंवा डाळिंबाला एप्रिलमध्ये पाणी हवं असतं. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं, आणि मराठवाड्याच्या उन्हाने त्यातलं बरंच उडवून नेलं. हिशोबाच्या वहीत ते जमा बाजूला आणि प्रत्यक्षात खर्चात. शेतकऱ्याला त्या तळ्याचा उपयोग होतो, बाग वाचते, हे मी नाकारत नाही. पण त्याला भूजल पुनर्भरण म्हणता येत नाही. अस्तर नसलेल्या तळ्याचंही तसंच: खाली मुरूम किती जाडीचा आहे, पक्का कातळ किती फुटांवर लागतो, यावर पाणी मुरणार की नुसतं साचणार हे ठरतं. आपल्या बसाल्टमध्ये दोन शेतांतही हे चित्र बदलतं. पुनर्भरणाचा आकडा द्यायचा तर आसपासच्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजायला हवी, निदान तीन-चार वर्षं. आणि पाणी ज्या खोऱ्यातून घेतलं त्याच खोऱ्यात, शक्यतो त्याच पाणलोटात ते परत जायला हवं. पैठणच्या धरणातून उचललेलं पाणी मांजरा खोऱ्यात तळी खोदून फिटत नाही.

शेतीकडे आलोच आहोत तर मराठवाड्यात बहुराष्ट्रीय कंपनीचा सर्वांत खोल ठसा कुठे उमटला तेही बोलू. कारखान्यांत नाही, कपाशीच्या पऱ्हाटीत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. पुढे अमेरिकेच्या मोन्सँटोशी तिची भागीदारी झाली आणि मार्च २००२मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, देशात परवानगी मिळाली. सुरुवातीची वर्षं शेतकऱ्याला विचारा: हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. २००६मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. पण अळी प्रतिकारक होऊ नये म्हणून शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, बिगर-बीटी कापसाचं लावणं गरजेचं होतं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. ती पुडी बांधावर फेकली गेली. तीन एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीला खायला द्यायचा, त्याची भरपाई कुणी द्यायची नाही, आणि का द्यायचा हे समजावून सांगायला गावात कुणी येणार नाही. मग दुसरं काय होणार? त्यात फरदड ठेवायची, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पाणी देऊन पुढे चालू ठेवायची, सवय. गुलाबी बोंडअळीला बारमाही जेवण मिळालं. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं उघडली तर आत अळी, आणि रुई पिवळी, किडकी.

हेच तंत्रज्ञान अमेरिकेतही वापरलं गेलं. तिथे ऍरिझोनात शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे राखले, नंतर वांझ पतंग सोडले, फरदडीसारखा प्रकार ठेवला नाही. आणि २०१८मध्ये तिथल्या कृषी खात्याने कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे बियाण्यातलं जनुक त्याच कंपनीचं होतं. फरक होता तो बियाणं विकल्यावर पुढे कोण उभं राहिलं याचा. इथे कंपनीने तंत्र विकलं आणि ते टिकवायची अट पुडीत घालून शेतकऱ्याच्या हातात दिली. कृषी विभागाने बघितलं नाही, बियाणं कंपन्यांच्या स्पर्धेत शेकडो वाण आले, आणि किंमत मोजली कपाशीवाल्याने. पर्यावरणातली कुठलीही मोठी तांत्रिक युक्ती, मग ती बीटी असो, सोलर असो की उद्याचा हिरवा हायड्रोजन, विक्रीनंतरच्या जबाबदारीशिवाय आली तर मला तीच भीती वाटते.

कापसाच्याच दुसऱ्या टोकाला ‘बेटर कॉटन’ या, जबाबदारीने पिकवलेल्या कापसाला खूण देणाऱ्या उपक्रमाचे शेतकरी गट आहेत. त्यातून जालना, संभाजीनगरच्या कितीतरी शेतकऱ्यांनी कामगंध सापळे, मित्रकिडी, फवारणीआधी अळी मोजणं हे शिकून घेतलं. खर्च कमी झाला. पण बराच काळ ही पद्धत मास बॅलन्सवर चालली: दुकानातल्या शर्टावर खूण असली तरी त्या शर्टात त्याच शेतकऱ्याची रुई असेलच असं नाही. प्रत्यक्ष माग काढता येण्याची सोय २०२३च्या अखेरीस सुरू झाली. आणि शेतकऱ्याला जिनिंगच्या दारात जादा भाव मिळतो का, हा प्रश्न अजून तसाच आहे.

कंपन्यांनी खरोखर मोठं काही बदललं अशी उदाहरणं जगात आहेत. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव बघणाऱ्याला ब्राझील परका नाही. २००६मध्ये तिथल्या मोठ्या व्यापारी कंपन्यांनी, त्यात कारगिल, बंगे, एडीएमसारख्या आल्या, ठरवलं की ऍमेझॉनचं जंगल नव्याने तोडून पिकवलेलं सोयाबीन घ्यायचं नाही. ग्रीनपीसची मोहीम आणि मॅकडोनाल्ड्ससारख्या गिऱ्हाइकांचा दबाव त्यामागे होता. आधी तिथल्या नव्या सोयाबीन क्षेत्रापैकी जवळपास ३० टक्के थेट जंगल तोडून येत होतं, ते पुढच्या काही वर्षांत एखाद-दोन टक्क्यांवर आलं. उपग्रहाच्या चित्रावर शेत तपासायचं आणि दोषी निघालं तर माल घ्यायचा नाही, एवढीच ती यंत्रणा. शेजारच्या सेराडो गवताळ प्रदेशाला ती लागू नव्हती आणि तिथली तोड चालूच राहिली, हेही लक्षात ठेवा.

ओझोनचंही तसंच. फ्रिज-एसीतला, ओझोनचा थर विरवणारा सीएफसी वायू बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी ड्यूपाँट वर्षानुवर्षं नियमांना विरोध करत होती. १९८५मध्ये ओझोनचं छिद्र समोर आलं, पर्यायी वायू तिच्या हाताशी आले, आणि १९८७च्या माँट्रियल करारानंतर तिनेच उत्पादन थांबवण्याची घोषणा केली.

आणि माघारीही तितक्याच जाहीर असतात. बीपीने २०२० साली सांगितलं, २०३०पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू. २०२३मध्ये ते २५ टक्के झालं, २०२५मध्ये लक्ष्यच गुंडाळलं. कोका-कोलाने २०३०पर्यंत २५ टक्के पेयं पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्यांत देण्याचं लक्ष्य २०२४च्या डिसेंबरमध्ये सोडून दिलं. स्वतःच घातलेलं बंधन स्वतःच सोडता येतं. म्हणून मी कुठल्याही कंपनीच्या २०४०-२०५०च्या वचनावर वेळ घालवत नाही. या वर्षीचा भांडवली खर्च कशावर झाला ते विचारतो.

आता नोकरीचं. घ्या, पण मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्या: हा विभाग कुणाच्या हाताखाली आहे, आणि व्हेंडर निवडताना या विभागाच्या गुणांना किती वजन आहे. विभाग जनसंपर्काखाली असेल तर तुमचं काम अहवाल सजवणं असेल. तो प्लांट हेडला किंवा खरेदीप्रमुखाला जोडलेला असेल आणि व्हेंडरच्या गुणपत्रकात पर्यावरणाला भाव-दर्जा-डिलिव्हरीच्या रांगेत खरी जागा असेल, तर तिथे तुम्ही एका वर्षात जेवढं पाणी वाचवाल तेवढं एखाद्या संस्थेला दहा वर्षांत जमणार नाही. सुरुवातीचे सहा महिने ऑफिसात न बसता ईटीपीच्या ऑपरेटरबरोबर काढा. कुठला मीटर बंद आहे, कुठल्या व्हॉल्व्हला बायपास आहे, रात्रपाळीत काय होतं, हे त्यालाच माहीत असतं.

रुजू झाल्यावर आधी फॉर्म ५ मागून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत हे पर्यावरण विवरणपत्र मंडळाला द्यायचं असतं. त्यात पाण्याचा वापर, कच्चा माल, सांडपाण्यातले घटक, घातक कचरा, सगळं येतं. मागच्या पाच वर्षांचे फॉर्म, एमआयडीसीची पाण्याची बिलं, टँकरच्या पावत्या आणि कंपनीचा चकचकीत अहवाल शेजारी शेजारी ठेवा. चारही ठिकाणी पाण्याचा आकडा जुळला तर त्या कंपनीत काम करायला मजा येईल. जुळला नाही तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं, आणि ते घेऊन थेट प्लांट हेडकडे जा. ईमेल नको, बिलं हातात घेऊन समोर बसा.